पाणथरीचं माप

मलेरियाच्या पाहणीत माझी नेमणूक झाली ती मी हुशार होते म्हणून नाही. मुलींची पोटं तपासायला बाईमाणूस हवं होतं, म्हणून झाली. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी औरंगाबादच्या एका दवाखान्यात जनानी वॉर्डात नर्स होते. शाळा उर्दूतून झालेली, घरात मराठी, आणि नर्सिंगचं शिक्षण हैदराबादेतलं. पाहणीसाठी गावोगाव हिंडायचं होतं. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. त्यांनी एवढंच विचारलं, "सोबत कोण?" मी म्हटलं, एक डॉक्टरसाहेब आणि एक वयस्कर मुन्शी. मुन्शीजींना वडील कचेरीतून ओळखत होते. "मग जा," म्हणाले.

काम ऐकायला सोपं होतं. ज्या गावात हिवताप मुरलेला असतो, तिथल्या पोरांची पाणथरी वाढलेली असते. डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात, शहरातले लोक तिल्ली म्हणतात, पण खेड्यातल्या आया पाणथरीच म्हणायच्या. धडधाकट पोराची पाणथरी डाव्या बरगड्यांच्या आत दडलेली असते, हाताला लागत नाही. ताप येऊन येऊन ती फुगली की बरगडीच्या खाली उतरते आणि बोटांना तिची कड लागते. कड बरगडीपासून किती खाली आली ते बोटांनी मोजायचं. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. दहा वर्षांच्या आतली पोरं तपासायची, कितींची पाणथरी लागली आणि किती बोटं लागली ते लिहायचं. त्यावरून ठरणार होतं की कोयनेलच्या, म्हणजे क्विनाईनच्या, गोळ्या आधी कुठल्या गावांना जायच्या आणि डबकी-नाले बुजवायचं काम कुठं काढायचं.

डॉक्टरसाहेब औरंगाबादच्याच एका जुन्या मुस्लिम घरातले. मराठी आमच्याइतकीच सफाईदार, फक्त रागावले की उर्दूत जायचे, आणि तेही फार अदबीनं. चाळिशीच्या पुढचे, भारदस्त, हाताचे पंजे मोठे. त्यांनी मला एका सकाळी दवाखान्यातल्या सात-आठ मुलांवर शिकवलं. मुलाला उताणं निजवायचं, गुडघे दुमडायला लावायचे, आपला हात गरम असला पाहिजे, घाई करायची नाही, पोरानं श्वास आत घेतला की कड आपसूक खाली येऊन बोटाला भिडते. "दाबून शोधायची नाही सिस्टर," ते म्हणाले. "ती स्वतः येते." दुपारपर्यंत मला कड कळायला लागली. डोळे मिटून जिभेनं दात चाचपावा तशी ती गोष्ट होती. एकदा कळली की विसरत नाही, असं मला वाटलं.

पहिली चार गावं कन्नड तालुक्यातली. मोटार सोडून पुढं बैलगाडीनं जायचं. देवगाव रंगारीला आम्ही तीन दिवस राहिलो. मुलगे सरकारी शाळेत डॉक्टरसाहेबांकडं जायचे. मुली माझ्याकडं, पाटलांच्या घरातल्या एका माजघरात. गावात दोन्ही समाजाची वस्ती होती आणि या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं, की आठ वर्षांची पोर पुरुषापुढं पोट उघडं करणार नाही. माझ्याकडंही त्या लाजायच्याच. मग मी एक सतरंजी अंथरायची, त्यांना निजवायची, अंगावर चादर टाकायची आणि चादरीखालून हात घालायची. गप्पा मारत मारत पोट सैल पडायचं. एकेका मुलीला वेळ लागायचा, पण मला घाई नव्हती. शाळेत मात्र डॉक्टरसाहेबांपुढं पोरांची रांग दारापर्यंत असायची.

चार गावं झाली आणि मुन्शीजींनी बेरजा मांडल्या. मुन्शीजी साठीचे, पांढरी दाढी, हातात नेहमी टाक. आधीची सगळी नोकरी त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढली होती. त्यांनी कागद डॉक्टरसाहेबांपुढं ठेवला. चारही गावांत मुलींच्या पाणथऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट लागल्या होत्या. आणि नुसत्या जास्त नव्हत्या, मोठ्याही होत्या.

डॉक्टरसाहेबांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला. "पाणी," ते म्हणाले. "दिवस मावळायला पोरी पाण्याला जातात. डबक्याच्या कडेला उभ्या राहतात. डास त्याच वेळी बाहेर पडतात. पोरं तेव्हा घरात नाहीतर पारावर." मलाही ते एकदम पटलं. मी लहानपणी अशीच पाण्याला जात होते. त्यांनी त्याच दिवशी हैदराबादच्या सदर कचेरीला लांब पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की मुद्दा फार महत्त्वाचा आहे, सविस्तर अहवाल पाठवावा. ते पत्र डॉक्टरसाहेबांनी घडी करून खिशात ठेवलं. दोन-तीनदा काढून वाचतानाही मी पाहिलं. मला आतून अभिमान वाटत होता. ते माझे हात होते, ज्यांना ही गोष्ट लागली होती.

मधे काही कागदांसाठी आम्हाला देवगावला एक दिवस परत जावं लागलं. डॉक्टरसाहेब चावडीत बसले होते आणि मी पाटलांच्या घरी पाणी प्यायला गेले होते. तिथं एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. पोरगं एवढं मोठं, पण हाडं तेवढी उरलेली. म्हणाली, "बाई, याला जरा बघता का? दर तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरती याला."

मी म्हटलं, "शाळेत साहेबांनी बघितलं असेल की."

"बघितलं. काई नाय म्हणले."

मी सहज त्याला ओट्यावर निजवलं. गुडघे दुमडले, हात घासून गरम केला. त्यानं श्वास घेतला आणि पाणथरीची कड माझ्या बोटांवर येऊन टेकली. शोधावीही लागली नाही. चांगली तीन बोटं होती. मी पुन्हा पाहिलं. तीनच.

"हाय का?" बाईनं विचारलं.

"आहे."

 ती रागावलेली नव्हती, खरंच कोड्यात पडल्यासारखी झाली होती. म्हणाली, "साहेबानं नाय म्हणलं, तुमी हाय म्हणता. आता कोणाचं खरं धरू मी?"

 माझ्या पेटीत कोयनेलच्या थोड्या गोळ्या होत्या, त्या मी तिला दिल्या, कशा द्यायच्या ते सांगितलं आणि म्हटलं, "मी विचारते साहेबांना."

मी दोन दिवस विचारलं नाही. ते मोठे डॉक्टर, मी त्यांनीच एका सकाळी शिकवलेली नर्स. त्यांनी पाहिलेल्या पोराला मी पुन्हा हात लावला, हेच सांगायला जीभ उचलेना. आणि दुसरंही एक होतं. त्या पोराच्या बाबतीत माझं खरं असेल, तर मुलींच्या पाणथऱ्या मुलांच्या दुप्पट हे कुठून आलं, याचा विचार करावा लागणार होता. तो विचार मी ढकलत होते. कारण मग पाण्याची ती सुंदर गोष्ट उरणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही पाचोडला निघालो. बीडच्या रस्त्यावर मोटारीत डॉक्टरसाहेब पुढं बसले होते. एका ठिकाणी इंजिनात पाणी घालायला गाडी थांबली. आम्ही तिघं खाली उतरलो आणि मी ते सांगून टाकलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तीन बोटं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुम्ही जास्त दाबत असाल. नवीन हाताला स्नायूसुद्धा तिल्लीसारखा लागतो." एवढं उर्दूत बोलून ते गाडीत जाऊन बसले.  मी खिडकीतून ज्वारीच्या ताटांकडं बघत होते. माझी चूक असेल असंही वाटत होतं, आणि त्या पोराच्या पोटावर बोटं टेकली तेव्हाचा तो स्पर्शही जात नव्हता.

पाचोडला दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना डॉक्टरसाहेब स्वतःच म्हणाले, "सिस्टर, तुमचं चुकतंय की माझं, हे बोलून कळणार नाही. आज लहान मुलगे आधी मी बघतो, मग तेच तुम्ही बघा."

मुन्शीजी कोपऱ्यात रजिस्टरवर रेघा आखत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, लहान तोंडी मोठा घास होईल, पण असं नका करू. आमच्या मोजणीत एक साखळी ओढून गेला की दुसरा मागून ओढायचा. पण पहिल्याचा कागद दुसऱ्याला दाखवायचे नाहीत. दाखवला की शेत तेवढंच भरतं. माणसाचा हात कागदाकडं बघून चालतो."

डॉक्टरसाहेबांनी कप खाली ठेवला. "मग कसं करायचं तुम्हीच सांगा."

मुन्शीजींनी सांगितलं तसं झालं. प्रत्येक पोराच्या गळ्यात आकड्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधली. डॉक्टरसाहेब शाळेच्या एका टोकाच्या खोलीत, मी दुसऱ्या टोकाला. निम्मी पोरं आधी माझ्याकडं, निम्मी आधी त्यांच्याकडं. आम्ही काय लागलं ते एका चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी मुन्शीजींकडं जायची आणि मुन्शीजी ती रजिस्टरात चढवून वर फडकं टाकायचे. एकदा डॉक्टरसाहेब सहज त्यांच्याजवळ गेले तर मुन्शीजींनी फडक्यावर हात ठेवला. "संध्याकाळी, साहेब."

चाळीस पोरं झाली. दिवस कलायच्या आत मुन्शीजींनी फडकं काढलं. डॉक्टरसाहेबांना दहा पोरांत पाणथरी लागली होती. मला वीस पोरांत.

शाळेच्या ओसरीवर आम्ही तिघं बसलो होतो. डॉक्टरसाहेबांनी ओळीनं दोन्ही रकाने पडताळले. बारा पोरांवर आमचं जुळत नव्हतं. अठ्ठाविसांवर जुळत होतं. ते म्हणाले, "चाळिसात अठ्ठावीस. हाताचं काम आहे, इतका फरक पडायचाच. फार वाईट नाही."

मुन्शीजींनी रजिस्टर स्वतःकडं ओढलं. मग म्हणाले, "साहेब, मी आज एकाही पोराला हात लावला नाही. पण इथं बसल्या बसल्या डोळे मिटून चाळिसांपुढं 'नाही' लिहिलं असतं, तर तुमच्याशी माझे तीस जुळले असते. बेटीपेक्षा दोन जास्त."

मला हसू आलं आणि लगेच ते थांबलं. डॉक्टरसाहेबांनी पुन्हा रकाने पाहिले. मुन्शीजींचा हिशोब बरोबर होता. डॉक्टरसाहेबांच्या रकान्यात बहुतेक 'नाही'च होतं, त्यामुळं 'नाही'ला 'नाही' आपोआप जुळतं. ते जुळणं आमच्या हातांचं नव्हतं. ज्या एकवीस पोरांत आमच्यापैकी कुणाला तरी काही लागलं होतं, तिथंच हातांची परीक्षा होती, आणि त्यातल्या नवांवरच आमचं जुळलं होतं.

डॉक्टरसाहेब उठून अंगणात गेले. रागावले असं मला वाटलं. पण ते चेहऱ्यावर पाणी मारून परत आले आणि म्हणाले, "उद्या तुम्ही मला काम करताना बघा. मी तुम्हाला बघतो. बोलायचं नाही, नुसतं बघायचं."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांच्यापुढं पोरगं आलं. त्यांनी सदरा वर केला, पोर उभंच होतं, पोटावर हात ठेवला, "श्वास घे" म्हटलं आणि झालं. पुढचं पोर. तेही उभंच. उभ्या पोराचं पोट भीतीनं ताठ झालेलं मला लांबून दिसत होतं. तीन-चार पोरं झाल्यावर त्यांची नजर माझ्याकडं गेली. बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी बोलले नाही. पण मी खोलीतल्या बाजेकडं पाहिलं असणार. त्यांचा हात पोराच्या पोटावर तसाच राहिला.

"मीच तुम्हाला निजवून बघायला शिकवलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"रांग मोठी असते," ते म्हणाले. मग म्हणाले, "पहिल्या गावात निजवत होतो. दुसऱ्यात केव्हा सोडलं, मला आठवत नाही."

मला त्यांच्याकडं बघवेना. दुसरं कोणी असतं तर ही गोष्ट अशी बोलून दाखवली नसती.

दुपारी आम्ही हात धूत होतो. शाळेतला शिपाई तांब्यानं पाणी घालत होता. आमचे हात शेजारी शेजारी होते. डॉक्टरसाहेबांनी एकाएकी "थांबा" म्हटलं आणि आपला पंजा ओल्या दगडावर ठेवला. "तुमचा ठेवा." मी ठेवला. त्यांची तीन बोटं आणि माझी चार बोटं बरोबर सारखी भरली. मी तीन बोटं लिहायची ती त्यांच्या हातात जेमतेम सव्वादोन होती. इतके दिवस आम्ही एकाच रजिस्टरात दोन वेगळी मापं लिहीत होतो आणि दोघंही त्याला बोटच म्हणत होतो.

बाजारपेठेतल्या शिंप्याकडून मुन्शीजींनी कापड मोजायची फीत आणली. तिचे दोन तुकडे केले. त्या दिवसापासून बोटं बंद. कड बोटानं शोधायची, माप फितीनं घ्यायचं.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पोरं आणली, आधी न आलेली. या वेळी दोघांनीही निजवून पाहिलं, दोघांच्याही हातात फीत. अडतीस पोरं होती. मुन्शीजींनी फडकं काढलं तेव्हा डॉक्टरसाहेबांना पंधरा लागल्या होत्या, मला सोळा. त्यांनी मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू दिसलं. "झालं," ते म्हणाले. "पंधरा आणि सोळा. याहून काय पाहिजे?"

मुन्शीजींनी रजिस्टर मिटलं नव्हतं. "बेरीज जुळली साहेब. पोरं नाही जुळली."

सोळा आणि पंधरा खरे होते. पण ती सगळी तीच पोरं नव्हती. बारा दोघांना लागली होती. तीन त्यांना लागलेली मला लागली नव्हती, आणि चार मला लागलेली त्यांना. कमी आणि जास्त एकमेकांत मिसळून बेरीज तेवढी सारखी दिसत होती. नुसत्या बेरजा पाठवल्या असत्या तर कुणाला हे कधी कळलंही नसतं.

"ती सात पोरं पुन्हा बोलवा," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"बोलवतो. पण सातच नाही," मुन्शीजी म्हणाले. त्यांनी त्यात आणखी पाच मिसळली, कुठली ते सांगितलं नाही. गळ्यातले आकडेही बदलले. जेवणं आटोपून पोरं परत आली. आम्ही पुन्हा आपापल्या खोलीत बसलो.

यातल्या काही पोरांना आपण सकाळी पाहिलंय आणि तेव्हा काय लिहिलं ते आठवायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. ते सोपं गेलं, कारण खरंच आठवत नव्हतं. मी सावकाश पाहिलं. इतक्या सावकाश मी कधीच पाहिलं नसेल. चिठ्ठ्या लिहिल्या.

डॉक्टरसाहेबांनी तीन पोरांच्या बाबतीत सकाळचं आपलंच म्हणणं बदललं होतं. मी दोघांच्या. माझ्या त्या दोघांतलं एक पोर तर असं होतं की सकाळी त्याच्यावर आमचं दोघांचंही 'आहे' होतं. आता मी 'नाही' लिहिलं होतं.

डॉक्टरसाहेबांशी जुळलं नाही तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. तेव्हा मनात एक आधार होता की माझा हात तरी मला ठाऊक आहे. आता सकाळचा माझा हात आणि दुपारचा माझा हात यांचंच पटत नव्हतं. मी ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले. ती चार गावं आठवत होती, चादरीखालच्या त्या मुली. कितींना मी 'आहे' म्हटलं असेल आणि नसेल. कितींना 'नाही' म्हणून घरी पाठवलं असेल.

मुन्शीजी बाहेर आले आणि बाजूच्या पायरीवर बसले. "बेटी, बारातली दहा तर तुझी तुझ्याशी जुळली," ते म्हणाले. "मी मोजणीत पंचवीस वर्षं साखळी बघितली. एकच माणूस, एकच शेत, सकाळी ओढली की एक, उन्हात ओढली की दुसरं. साखळी तापते, माणूस थकतो. शेत तेवढंच असतं. आम्ही ते लपवायचो नाही. नकाशाच्या कोपऱ्यात लिहायचो, इतका फरक धरून चला."

डॉक्टरसाहेब दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं असणार. कारण त्या संध्याकाळी अहवालाच्या कच्च्या कागदावर त्यांनी जे लिहिलं त्यात एक वाक्य हेच होतं. दोन निरीक्षकांत इतका फरक पडतो, आणि एकाच निरीक्षकाच्या दोन वेळांत इतका. दोन गावांतला फरक त्याहून लहान असेल तर तो गावांचा आहे असं समजू नये. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर आहे?" आजवर त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं.

मुली आणि पाणी यांचं पान त्यांनी आडवी रेघ मारून काढून टाकलं. पण ते पत्र आधीच हैदराबादला जाऊन पोचलेलं होतं आणि तिथं आवडलंही होतं. आता ते मागं घ्यावं लागणार होतं. दोन दिवस त्यांनी पत्र लिहून फाडलं. तिसऱ्या दिवशी पाठवलं. त्यात लिहिलं होतं, 'मुलग्यांची तपासणी माझ्या हातून नीट झालेली नाही, पहिली चारही गावं पुन्हा करण्याची परवानगी मिळावी.' 'आमच्या हातून' लिहा असं मुन्शीजींनी सुचवलं. डॉक्टरसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. "सिस्टरनी निजवूनच बघितलं होतं."

उत्तर यायला महिना लागला. सदर कचेरी नाराज होती. सरकारी वेळ वाया गेल्याबद्दल दोन ओळी होत्या आणि पुढच्या तालुक्यांची पाहणी दुसऱ्या डॉक्टरांकडं दिल्याचंही लिहिलं होतं. शेवटी मात्र चार गावं पुन्हा करायची परवानगी होती. डॉक्टरसाहेबांनी पत्र वाचलं, मुन्शीजींकडं दिलं आणि म्हणाले, "परवानगी आली."

देवगाव रंगारीला आम्ही दुसऱ्यांदा पाहणीला गेलो तेव्हा लोकांनी कुरकुर केली. एकदा पोटं बघितली, आता पुन्हा काय. पाटलांनी समजूत घातली. मुलींना मी पुन्हा माजघरातच पाहिलं, या वेळी फीत लावून. मुलग्यांसाठी शाळेत दोन बाजा टाकल्या. मी आणि डॉक्टरसाहेबांनी दहा दहा पोरांनंतर जागा बदलल्या आणि मधे मधे तीच पोरं दोघांकडं फिरवली. रांग लांब होती, पण आता कुणी उभं राहत नव्हतं.

ती बाई आपल्या मुलाला घेऊन आली. मी तिला ओळखलं, पण तिचा नंबर डॉक्टरसाहेबांकडं आला. मी काही बोलले नाही. त्यांनी पोराला निजवलं, हात घासला, श्वास घ्यायला लावला. मग फीत लावली. पुन्हा लावली. मग बाईकडं बघून म्हणाले, "आई, मागच्या वेळी मी उभं ठेवून बघितलं होतं. मला सापडली नव्हती. पोराला पाणथरी आहे, चांगलीच आहे. माझी चूक झाली."

बाई पदर सावरून उभी होती. साहेबाचं असं बोलणं तिला नवीन असावं. "गोळ्यानं जरा उतार पडलाय," ती म्हणाली. "आता आनखी द्या."

त्यांनी स्वतः गोळ्या मोजून दिल्या. मुलगा नंतर सुधारला. पुढच्या थंडीत आम्ही त्या बाजूनं गेलो तेव्हा तो दुसऱ्या पोरांबरोबर बोरं पाडत होता. अंगावर मांस चढलेलं होतं. आमच्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

चारही गावांत मुलांच्या आणि मुलींच्या पाणथऱ्या आता सारख्याच निघाल्या. थोडा फरक होता, पण आमच्या हातांत पडणाऱ्या फरकाहून लहान. पाण्याला जाण्याचा त्याच्याशी काही संबंध असेल किंवा नसेल, आमच्या कागदातून ते दिसत नव्हतं. गावागावांतला फरक मात्र मोठा होता आणि तो खरा होता. दोन गावं एकदम वरची निघाली. आधीच्या कागदात त्यातलं एक शेवटच्या जागी होतं, कारण त्या दिवशी तिथं पोरांची रांग सगळ्यांत लांब होती. त्या गावाला कोयनेल आधी गेलं, आणि दुसऱ्या वर्षी ओढ्याच्या बाजूची डबकी बुजवायचं कामही निघालं.

अहवालाच्या शेवटी डॉक्टरसाहेबांनी सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. नर्सनं अहवालावर सही करायची पद्धत नव्हती. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "हात दोघांचे आहेत. एकाचीच सही असली तर वाचणाऱ्याला वाटेल एकानंच बघितलं." मी उर्दूत सही केली. सदर कचेरीनं त्याबद्दल विचारणा केली होती असं मला पुढं मुन्शीजींकडून कळलं. डॉक्टरसाहेबांनी काय उत्तर दिलं ते मात्र मुन्शीजींनी सांगितलं नाही, नुसते हसले.

पुढं डॉक्टरसाहेबांची बदली झाली. मुन्शीजी पेन्शनीत गेले. मी औरंगाबादलाच दवाखान्यात राहिले. दोन वर्षांनी पुन्हा पाहणी निघाली तेव्हा नव्या नर्सला शिकवायचं काम माझ्याकडं आलं. ती पैठणकडची, माझ्याहून लहान, हाताला चपळ. पहिल्याच सकाळी तिला कड कळली आणि ती खूश झाली. "बाई, आलं मला," म्हणाली. "आता गावाला कधी निघायचं?"

मी सांगितलं की पंधरा दिवस इथंच बसायचं आहे. वॉर्डातली बारा मुलं, रोज सकाळी आणि रोज दुपारी, तू एका खोलीत, मी एका खोलीत. तिला ते पटलं नाही. तोंड जरा उतरलं. तरी तिनं फीत घेतली, पहिल्या मुलाला निजवलं आणि हात घासायला लागली.